जंगलातला छोटा ओढा नक्की सुरू कुठे होतो, आणि त्याचा भूगोल लिहायचा कसा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की ओळखीच्या जंगलात एक लहान ओढा आहे, नकाशावर त्याची निळी रेघ जिथून निघते तिथे तुम्ही चालत गेलात तर नुसता कोरडा पाचोळा, पाणी लागलं ते साधारण तीनशे मीटर खाली, मग पुढे एका जागी ते दगडांत गडप झालं आणि थोड्या अंतरावर परत वर आलं. तुम्हाला ह्या ओढ्याची नीट माहिती लिहून ठेवायचीय, उगम कुठे, लांबी किती, कुठून कुठे जातो. आणि विचारलंय की नकाशा चुकलाय की मी चुकलो. शेवटी पात्रात आडवं पडलेलं मोठं झाड काढावं का तेही विचारलंय, त्याच्याकडे शेवटीच येतो.

पहिली गोष्ट, दोघंही चुकलेले नाहीत. मी वीसेक वर्षं लहान ओढ्यांची मोजणी आणि त्यांचे नकाशे हेच काम करतोय आणि उगमाला गेल्यावर पाणी सापडलं नाही हे माझ्या बाबतीत तरी निम्म्याहून जास्त वेळा झालंय. तुम्ही वर्षातल्या कुठल्या महिन्यात गेलात, आधी पाऊस होऊन किती दिवस झालेले, खाली खडक कुठला, ह्यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही त्यामुळे अमुक एक ठिकाण उगम असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण ते कसं ठरवायचं ते सांगता येईल.

माझ्या मते खरी अडचण अशी आहे की आपण ओढा म्हणजे रेघ धरून चालतो, हे टोक, ते टोक, मधली लांबी. मोठ्या नदीला ते चालून जातं. लहान ओढ्याला नाही चालत, कारण त्याचं वरचं टोक वर्षभर वरखाली सरकत असतं. पावसाळ्याच्या ऐन भरात वर चढतं, कोरड्या दिवसांत खाली उतरतं, आणि हा फरक शेकडो मीटरचा असू शकतो. त्यामुळे मी कुठल्याही ओढ्याचं काम सुरू करताना पाण्याच्या मागे लागतच नाही, आधी पाणलोट काढतो. म्हणजे ज्या सगळ्या जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी ह्या ओढ्यात येतं ती जमीन. पाणी सरकतं, पाणलोटाची हद्द सहसा सरकत नाही. ती एकदा हातात आली की बाकीचं सगळं तिच्या आत बसवता येतं.

पाणलोट काढायला महागडं काही लागत नाही, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेला नकाशा आणि पेन्सिल पुरते. तुमचा ओढा जिथे दुसऱ्या ओढ्याला मिळतो त्या संगमावर पेन्सिल ठेवा आणि तिथून एका बाजूची डोंगरधार धरून वर चढत जा, मग वरच्या माथ्यावरून फिरून दुसऱ्या बाजूने परत संगमावर या. घळ आणि सोंड (डोंगराची पुढे आलेली धार) ओळखायची खूण एकदम सोपी आहे, घळीत समोच्च रेषांचं टोक चढाकडे वळलेलं असतं आणि सोंडेवर उताराकडे. शंका आली तर त्या जागी पावसाचा एक थेंब पडला असं धरा आणि तो कुठल्या बाजूला जाईल ते बघा. खिंडीत हमखास घोटाळा होतो, तिथे प्रत्यक्ष जाऊन उभं राहणं बरं. हद्द झाली की आतलं क्षेत्रफळ मोजा, आलेखाच्या कागदावरचे चौकोन मोजूनसुद्धा काम भागतं. आणि हा आकडा पोकळ नाही बरं का. समजा पाणलोट १ चौरस किलोमीटर भरला, तर त्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी लिटर पाणी. त्यातलं किती ओढ्यात येतं, किती जमिनीत मुरतं, किती झाडं पितात, हा पुढचा सगळा विषय ह्या एका आकड्यावर उभा राहतो.

आता तुमच्या निळ्या रेघेबद्दल. ती रेघ कोणीतरी बसून ठरवलेली असते. बहुतेक वेळा हवाई फोटोवरून, आणि दाट जंगलात हवाई फोटोत ओढा दिसत नाही, झाडांचे शेंडे दिसतात, त्यामुळे काढणारा माणूस दरीच्या आकारावरून अंदाज घेतो आणि एका जागी रेघ सुरू करतो. वर स्केलचा प्रश्न. १:५०,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. ती निळी रेघ छापताना ०.२ मिलिमीटर जाड धरली तरी ती जमिनीवर १० मीटर रुंद झाली, आणि तुमचा ओढा तुम्हीच म्हणता तसा एका उडीत ओलांडता येतो. मग रेघेचं टोक दोन-तीनशे मीटर इकडेतिकडे असणं हे त्या नकाशाच्या मानाने चांगलंच काम म्हणायचं. रेघ तुटक आहे का सलग तेही बघा, बऱ्याच नकाशांत हंगामी ओढा तुटक रेघेने दाखवतात, सूचीत दिलेलं असतं आणि आपण नेमकी सूची वाचत नाही.

कॉम्प्युटरवर आपोआप काढलेल्या ओढ्यांवर पण डोळे मिटून विसंबू नका. माझा एक जुना अनुभव सांगतो. एका जंगलातल्या ओढ्यासाठी मी अवकाशातून घेतलेल्या उंचीच्या डेटावरून रेघ काढून घेतली होती, तो एसआरटीएमचा डेटा, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर स्पेस शटलमधून ११ दिवसांत रडारने घेतलेला. स्क्रीनवर रेघ छान दिसत होती. जागेवर गेलो तर ती रेघ सोंडेच्या भलत्याच अंगाला, आणि खरा ओढा पलीकडच्या घळीत वाहतोय. कारण असं की ते रडार दाट जंगलात जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, मोजते ती बरीचशी झाडोऱ्याची उंची. घळीत ओल असते, तिथली झाडं उंच वाढतात, वरून बघितलं तर घळ भरून आल्यासारखी दिसते. दोन दिवसांचं काम फुकट गेलं. तेव्हापासून जंगलात मी स्क्रीनवरची रेघ फक्त कुठे शोधायचं एवढ्यासाठी वापरतो, आणि जीपीएसचं पण तसंच, दाट झाडीत आणि अरुंद घळीत मोबाइलचा जीपीएस सहज दहा-पंधरा मीटर हलतो, म्हणून एका जागी दोन-तीन मिनिटं थांबून मग बिंदू घ्यायचा.

उगमाचं सांगतो, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. मी एक उगम लिहीत नाही, तीन जागा लिहितो. सगळ्यात वर एक लवण असतं, म्हणजे बशीसारखा खोलगट उतार, आजूबाजूपेक्षा माती खोल आणि जरा काळी, पण काठ म्हणून काही नाही. पावसाचं पाणी इथे गोळा होतं पण जमिनीच्या आतून. त्याच्या खाली दुसरी जागा, जिथे पहिल्यांदा दोन काठ दिसतात. ही ओळखायला शिका, एकदा डोळा बसला की मग सुटत नाही. खाली वाकून बघा, वर पाचोळा सगळीकडे सारखा पसरलेला असतो आणि अचानक एका ठिकाणी तो मधून हटलेला दिसतो, कडेला काटक्यांची छोटी दाटी झालेली, मधे बारीक खडी उघडी पडलेली, आणि दोन्ही बाजूंना वीतभर उंचीचा काप, त्यातून झाडांची मुळं लोंबतायत. पाणी नसलं तरी इथे पाणी वाहतं हे त्या खडीवरून कळतं. हे पात्राचं तोंड. आणि तिसरी जागा म्हणजे तुम्ही गेलात त्या दिवशी जिथे पाणी दिसलं ती. पहिली जागा शेकडो वर्षांत हलते, दुसरी एखाद्या मोठ्या पुरात किंवा दरड कोसळल्यावर हलते, तिसरी दर आठवड्याला हलते. म्हणून तिसरीच्या शेजारी तारीख लिहिल्याशिवाय तिला काही अर्थ नाही.

तुम्ही नकाशाच्या टोकाशी पोचलात तेव्हा बहुधा दुसऱ्या जागेच्या आसपास होतात. तिथे काठ होते का ते तुम्ही लिहिलं नाही, परत जाल तेव्हा बघा. पात्राचं तोंड कुठे येतं ह्याच्यावर मॉन्टगोमरी आणि डीट्रिच ह्या दोघा भूरूपतज्ज्ञांनी १९८८ मध्ये चांगलं काम मांडलं होतं. त्यांनी जागेवर जाऊन मोजलं तर असं दिसलं की उतार जितका तीव्र तितक्या कमी पाणलोटावर पात्र सुरू होतं, आणि मंद उताराला जास्त जमीन लागते. म्हणजे तुमच्या ओढ्याला फाटे असतील आणि त्यांतला उभ्या उताराचा फाटा माथ्याच्या जास्त जवळ सुरू झालेला दिसला तर चकित होऊ नका.

कायम ओल कुठे आहे ते झाडं सांगतात. नेचे, लव्हाळा, दगडावर जाड हिरवं शेवाळ असं एकत्र दिसलं की तिथे बहुतेक वर्षभर पाझर असतो. कोरड्या महिन्याच्या शेवटी एक फेरी मारा, तेव्हा जिथे पाणी सापडेल ती ओढ्याची खरी पक्की जागा, आणि माझा अनुभव असा की गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि गुरं राखणाऱ्यांना ती आधीच माहीत असते, त्यांना विचारा. नाव पण त्यांनाच विचारा, बऱ्याच ओढ्यांना नकाशावर नाव नसतं पण लोकांच्या तोंडी असतं, आणि कधी वरच्या भागाला एक आणि खालच्याला दुसरं असतं, तेव्हा दोन्ही लिहायची.

पाणी मधेच गडप होऊन परत वर येतं त्याचं बहुतेक वेळा साधं कारण असतं. जिथे उतार एकदम कमी होतो तिथे ओढा आपला दगडगोटा टाकून देतो, तो थर जाड झाला की थोडं पाणी असताना ते सगळं त्या गोट्यांच्या आतून वाहतं. पुढे खडक वर आला की पाण्याला खाली जायला जागा उरत नाही, ते परत वर येतं. म्हणजे ओढा तुटलेला नाही, तळाच्या आतून चालू आहे, लांबी मोजताना तो भाग धरायचा. खाली चुनखडीचा खडक असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे पाणी विवरात शिरून पार दुसऱ्या पाणलोटात निघू शकतं, तेव्हा वर मी पाणलोटाच्या हद्दीबद्दल जे ठामपणे बोललो ते लागू पडत नाही. खडक कुठला आहे ते म्हणूनच आधी बघून ठेवा.

एक प्रयोग सुचवतो, मला स्वतःला हा फार आवडतो. कोरड्या दिवसांत, पाऊस नसताना, एका लहान डोहात काठी घट्ट रोवा, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा करा किंवा पट्टी बांधा. पहाटे पाण्याची लेव्हल वाचा आणि मग दुपारी उशिरा वाचा. दोन-चार दिवस हेच करा. बऱ्याच जंगलातल्या ओढ्यांत दुपारी उशिरा पाणी थोडं उतरलेलं आणि पहाटे परत चढलेलं सापडतं, काही मिलिमीटरच, पण रोज. काठची झाडं दिवसभर पाणी ओढतात आणि रात्री थांबतात, त्याचा तो उतारचढाव. मी पहिल्यांदा हे वाचन घेतलं तेव्हा पट्टी सरकली असेल म्हणून ती पुन्हा बांधली, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच आलं. जंगल आणि ओढा वेगळे लिहिता येत नाहीत हे मला त्या पट्टीवर कळलं.

लांबीकडे येतो. लांबी कशाने मोजली ते लिहा, नुसता आकडा देऊ नका. नकाशावर मोजाल तर कमी येईल कारण नकाशा लहान वळणं सरळ करून टाकतो, टेप धरून पात्रातून चालाल तर जास्त येईल, आणि दोन्ही बरोबरच आहेत. मी असं लिहितो, पात्राच्या तोंडापासून संगमापर्यंत, पात्राच्या मधून टेपने, अमुक मीटर, अमुक महिन्यात. फाटे असतील तर मुख्य कुठला हा वाद येतो. नावावरून ठरवायचं, लांबीवरून की पाणलोट कुणाचा मोठा त्यावरून? मी पाणलोटावरून ठरवतो, कारण पाणी जास्त कुठून येतं हे त्यातल्या त्यात त्यावरून कळतं, पण लोकांच्या तोंडी नाव दुसऱ्या फाट्याला असेल तर ते बदलायला जाऊ नका, तसं नमूद करा. ओढा आणि फाटे ह्यांना लहान-मोठा क्रम द्यायचा असेल तर स्ट्रालर ह्या भूरूपतज्ज्ञाची पद्धत घ्या, हॉर्टनने १९४५ मध्ये मांडलेली पद्धत त्याने १९५२ मध्ये सोपी केली. ज्याला वरून कोणी मिळत नाही तो पहिल्या क्रमाचा, दोन पहिले मिळाले की दुसऱ्या क्रमाचा, पण दुसऱ्याला पहिला येऊन मिळाला तर क्रम दुसराच राहतो. आणि डावा-उजवा काठ नेहमी पाणी जातंय त्या दिशेला तोंड करून ठरवायचा, ह्यात गल्लत झाली की तुमचं सगळं टिपण पुढच्या माणसाला उलटं वाचावं लागतं.

उताराबद्दल थोडं. वरचं टोक आणि संगम ह्यांच्या उंचीतला फरक भागिले लांबी, झाला सरासरी उतार. ३ किलोमीटरमध्ये ६० मीटर म्हणजे २ टक्के. पण सरासरीपेक्षा तुकडे पाडून लिहिलंत तर ओढा डोळ्यासमोर येतो. साधारण ३ टक्क्यांच्या वर पायऱ्या आणि डोह असा जिना दिसतो, मोठे दगड आडवे अडकलेले आणि प्रत्येकाखाली खणलेला छोटा डोह. २ टक्क्यांच्या खाली आलात की उथळ खळखळती जागा आणि मग संथ डोह असं आलटून पालटून यायला लागतं, आणि गंमत म्हणजे दोन डोहांमधलं अंतर बरेचदा पात्राच्या रुंदीच्या ५ ते ७ पट येतं. दोन मीटर रुंद पात्र असेल तर दहा ते चौदा मीटर. मोजून बघा. आडवी पडलेली लाकडं जास्त असतील तर हे अंतर कमी होतं, डोह जवळ जवळ येतात. तळाचे दगड कसे आहेत तेही मोजता येतं, चालत जायचं, दर पावलाला न बघता बोटाखाली येईल तो दगड उचलायचा, मधली जाडी मोजायची, असे १०० दगड. ही वॉलमन ह्या भूरूपतज्ज्ञाची १९५४ ची पद्धत आहे आणि आजही तीच वापरतात.

प्रवाह मोजायला तरंगतं काहीतरी पुरतं, सुकी काटकी चालेल. सरळ १० मीटरचा तुकडा निवडा. समजा काटकीला २५ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात जातं म्हणून खडबडीत तळाला ०.८ ने गुणायचं, झाले ०.३२. पात्र १.२ मीटर रुंद आणि सरासरी १५ सेंटिमीटर खोल असेल तर पाण्याचा आडवा छेद ०.१८ चौरस मीटर. गुणाकार केला की सेकंदाला साधारण ५८ लिटर. पाच वेळा काटकी सोडून सरासरी घ्या. पाऊस चालू असताना मात्र पात्रात उतरू नका, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी माथ्यावर पडलेला पाऊस अरुंद घळीतून फार पटकन खाली येतो.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर आधी पाणलोट, मग उगमाच्या तीन जागा तारखेसकट, मग लांबी कशी मोजली ते, मग तुकड्या-तुकड्याने उतार आणि तळ, आणि निदान दोन हंगामांतला प्रवाह. एका फेरीत हे होत नाही, वर्ष लागतं.

राहिलं ते आडवं पडलेलं झाड. रस्त्याला, पुलाला किंवा कोणाच्या घराला त्याच्यामुळे धोका नसेल तर माझं स्पष्ट मत, काढू नका. जंगलातल्या लहान ओढ्याचं पोट पाचोळ्यावर चालतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात बेअर ब्रुक नावाच्या ओढ्याचा हिशोब फिशर आणि लायकन्स ह्यांनी १९७३ मध्ये मांडला तेव्हा त्या ओढ्यातल्या जीवांना मिळणाऱ्या ऊर्जेतला ९९ टक्के भाग बाहेरून, म्हणजे मुख्यतः आजूबाजूच्या जंगलातून येतो असं निघालं. त्याच जंगलात १९६५ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातली सगळी झाडं तोडून बघितली, तर पुढच्या वर्षी ओढ्यातून जाणारं पाणी जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढलं आणि मातीतलं नायट्रेट त्याच्याबरोबर धुऊन जायला लागलं. आडवं पडलेलं खोड हा पाचोळा अडवून धरतं, तो कुजायला वेळ देतं, किड्यांना खायला देतं. वरच्या अंगाला खडी साठते, खालच्या अंगाला डोह होतो, आणि कोरड्या महिन्यात ओढ्यातलं शेवटचं पाणी बरेचदा अशाच डोहात टिकलेलं असतं. मी एका ठिकाणी असं खोड काढलेलं बघितलंय, पाणी मोकळं व्हावं म्हणून चांगल्या हेतूने काढलेलं, आणि पुढच्या पुरात मागे साठलेली सगळी खडी एकदम खाली गेली, डोह भरला आणि वरचा तळ गुडघाभर खचला.

तुमचं झाड जिथे पडलंय तिथे बहुधा पाणी परत वर येण्याची जागा पण जवळच आहे, तुमच्या वर्णनावरून तसं वाटतं. ते आधी तपासा. खोडाच्या वर आणि खाली तळाची उंची मोजून ठेवा, काठावरच्या एखाद्या पक्क्या खडकावर खूण करा आणि तिथे उभं राहून फोटो घ्या, पुढचा मोठा पाऊस होऊन गेला की त्याच खुणेवरून परत घ्या. दोन्ही फोटो आणि त्या तीन जागांच्या तारखा इथे टाका, मी बघून सांगतो.